बानाबाईच्या हाकेचा मालक

दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी गोकुळने आपला एक बीट ऋतुराज नावाच्या रॅपरला ८,५०० रुपयांना विकला. बीट म्हणजे रॅपच्या शब्दांखाली वाजणारे संगीत. ते गोकुळ तयार करतो, शब्द दुसरे कोणी म्हणतात. एरवी तो एकच बीट तिघाचौघांना हजार-हजार रुपयांना देतो. ऋतुराजने मात्र 'एक्सक्लुझिव्ह' मागितला होता, म्हणजे तो बीट पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. बोलणे शहागंजातल्या चहाच्या टपरीवर झाले. लेखी काहीच झाले नाही.

गोकुळ दिवसा शहागंजात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि माझ्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो. खोलीत एक जुना कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि भिंतींना ठोकलेल्या गोधड्या. घर धनगराचे, बिडकीनकडचे. चराईची जागा प्लॉटांच्या कुंपणात गेल्यावर वडिलांनी मेंढरे विकली आणि एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली. मेंढरे विकण्याआधी एका संध्याकाळी गोकुळने आईचा, बानाबाईंचा, व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. कळप घराकडे वळवताना त्या हाक मारतात, "हिर्रर्र… हीयो!", आणि मागे पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजते. एवढेच.

त्या हाकेवर गोकुळचे सगळे काम चालते. ती ताणून, उलटी फिरवून, कधी ढोलाखाली दाबून तो तिचे नवे बीट करतो. ऐकणारे लगेच म्हणतात, हा गोकुळचा. मला वरून तेच तेच ऐकू यायचे. एकदा मी म्हणालो, "अरे, काही नवीन कर की!"

"काका, काकू काळा मसाला एकदाच करतात ना? मग वर्षभर वांग्यात बी तोच, आमटीत बी तोच. कोणी म्हणतं का, शिळा हाय म्हणून?"



चूक त्याने केली ती वेगळीच. ऋतुराजवर खूश होऊन त्याने बीटाबरोबर आईची मूळ हाकही सुटी काढून दिली आणि वर सांगितले, "गाण्याच्या सुरुवातीला नुसती हीच लाव, खाली काय बी नको. लोक दचकले पाहिजेत." ऋतुराजने तसेच केले आणि गाणे त्या हाकेसकट इंटरनेटवर आपल्या नावावर नोंदवले.

मार्च संपता संपता संघपालचे गाणे तयार झाले. संघपाल हा गोकुळचा वाळूजच्या कारखान्यात काम करणारा मित्र. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांच्या गल्लीच्या ट्रकवर वाजावे म्हणून त्याने ते वर्षभर लिहिले होते. त्यातही बानाबाईंची हाक होती. गाणे इंटरनेटवर टाकले आणि चौथ्या दिवशी बंद झाले. कारण दाखवले होते: यातला आवाज ऋतुराजच्या गाण्यातला आहे. त्याच दिवशी गोकुळचा तो जुना व्हिडिओही बंद झाला.

गोकुळने माझ्यासमोरच ऋतुराजला फोन लावला.

"भावा, तूच बोलला ना एक्सक्लुझिव्ह?" ऋतुराज म्हणाला. "मग मी पैसे कशाचे दिले?"

"बीटाचे दिले. आईचे नाय दिले."

"यार, मैंने कुछ नहीं किया. मशीन पकडतं ते. तक्रार काढून घ्या म्हणून मी मेल टाकलाय, पंधरा दिवस लागतात म्हणे."

चौदा एप्रिलला तेवढे दिवस नव्हते, आणि ट्रकवरचा डीजे गाणी इंटरनेटवरूनच लावणार होता. मी स्वतः बसून त्या वेबसाइटला इंग्रजीत अर्ज लिहिला, जुन्या व्हिडिओची तारीख दिली. दोन मिनिटांत उत्तर आले की तक्रार ज्याने केली त्याच्याशीच बोला. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. माझ्या ऑफिसात ऑडिटर हरकत काढतो तेव्हा निदान समोर खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्याशी भांडता येते. इथे भांडायलाही कोणी नव्हते.

"माझाच आवाज त्या पोराचा कसा काय झाला?" बानाबाईंनी विचारले. त्यांना हे नीट समजावून सांगणे मला, गोकुळला आणि संघपालला, तिघांनाही जमले नाही.

उपाय एकच होता, हाक नव्याने रेकॉर्ड करायची, म्हणजे मशीन ती पकडणार नाही. गोकुळने आईला खोलीत आणून माइकपुढे उभे केले. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या.

"मेंढरं कुठंयत? गोधडीला हाक मारू व्हय?"

"मार की गं आई, कशी बी."

त्यांनी मारली. ती शेजारणीला बोलावल्यासारखी निघाली.

"तशी नाय, आई!"

"मग कशी? मेंढरू पुढं असलं की आपसूक निघती. ती काय ठरवून मारतेत का?"

शनिवारी मला सुट्टी होती. मी गाडी काढली आणि सगळे बिडकीनला गेलो. बानाबाईंचा चुलतभाऊ अजिनाथ याचा कळप तिथे एका रानात खतासाठी बसवलेला होता.

"बाने, माझी मेंढरं तुझं ऐकायची नायत," तो आधीच म्हणाला. "ज्याच्या त्याच्या कळपाची हाक येगळी. पोराला सांगितलं नायस का?"

"पोरगं ऐकतंय व्हय कोणाचं!"

बानाबाईंनी पदर खोचून हाक मारली. एकाही मेंढीने मान वर केली नाही. गोकुळ म्हणाला, अजून जोरात. त्यांनी सगळा जीव काढून हाक मारली. मेंढरे बुजली आणि बांध ओलांडून शेजारच्या काढणीला आलेल्या कांद्यात घुसली. अजिनाथ शिव्या देत धावला, कुत्री धावली, संघपाल बूट पाटाच्या चिखलात सोडून धावला. कांदेवाला काठी घेऊन आला. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळे आले, फक्त ती हाक आली नाही. होता तो परक्या मेंढरांवर चिडलेल्या बाईचा आवाज.

परतताना संघपाल म्हणाला, "हेच टाक ना. भारी वाटतंय."

"नाय."

"मग काढून टाक ती हाक. ढोल हाय की नुसता. गाणं तर माझं हाय ना?"

गोकुळने हाक काढली आणि गाणे पुन्हा इंटरनेटवर टाकले. चौदा तारखेला गाणे ट्रकवर वाजले. पोरे नाचली, संघपालला खांद्यावर घेतले, गाणे तीनदा लावले. मी आणि गोकुळ रस्त्याच्या कडेला उभे होतो. हाक कुठे गेली, असे एकानेही विचारले नाही.

"काका, म्हणजे ती नसली तरी चालतं," तो म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला.

संघपालचे गाणे चालू आहे. जुना व्हिडिओ अजून बंद आहे. ऋतुराज फोन उचलतो आणि मेल टाकल्याचे सांगतो. गोकुळने त्यानंतर नवा बीट केलेला नाही. कांद्याच्या नुकसानीचे चारशे रुपये अजिनाथने जागेवर भरले होते. गोकुळने त्यातले अडीचशे दिले. दीडशे रुपये देणे बाकी आहे.