आतली मंडळी

‘उठलेल्या आत ठेव रे,’ एवढंच मावशी म्हणाल्या होत्या, आणि डिग्रीने चोवीसच्या चोवीस बरण्या मारून टाकल्या.

डिग्री म्हणजे माती तपासायच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेला तरुण. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या पदवीचा विषय तीनदा काढला. चौथ्यांदा काढायची वेळ मावशींनी येऊच दिली नाही, नावच ते ठेवलं. मावशी तिथल्या मदतनीस. एकतीस वर्षांपूर्वी काचेची भांडी विसळायला आल्या आणि विसळता विसळता निम्मी प्रयोगशाळा शिकल्या. फ्रीजमधली माती त्यांच्या बोलीत ‘झोपलेली’, पाणी शिंपडून जागी केलेली ‘उठलेली’. ‘आत’ म्हणजे कोपऱ्यातलं उबदार कपाट. हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. डिग्रीला मात्र ‘आत’ म्हणजे वाफेचा मोठा कुकर वाटला. त्यात तुलनेसाठी बाराच बरण्यांमधले जीवजंतू मारायचे होते. उरलेल्या बारा बरण्यांत ते जगायला हवे होते.

माती मावशींच्या धाकट्या भावाच्या शेतातली होती. आधी ते शेत कसणाऱ्याने तणनाशक अगदी सढळ हाताने फवारलेलं. भावाचा घेवडा उगवला तो पानं मुठीसारखी मिटूनच. घर घेवड्यावर चालायचं. मातीतले जीवजंतू ते विष लवकर खाऊन संपवणार असतील तर पुन्हा घेवडा, नाहीतर मका; मक्याला ते विष बाधत नव्हतं. पण मका पेरायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. म्हणून मावशींनी भावाला सांगितलं होतं, ‘विसाव्या दिवशी हो की नाही ते कळवते.’

विसाव्या दिवशी मोजणी झाली. सगळ्या बरण्यांत तणनाशक जसंच्या तसं.

मावशींनी एका बरणीचं झाकण काढलं, ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

‘उकडलेल्या बटाट्याचा वास येतोय. डिग्री, जेवायला बोलावलेल्या मंडळींनाच शिजवलंस की रे!’

डिग्रीने कुकरकडे पाहिलं. मावशी ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फोन घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेल्या, भावाशी बराच वेळ बोलल्या आणि परत येऊन हात धुतले.

‘काय म्हणाले?’

‘काय म्हणणार? मका पेरला की शेत हंगामभर अडकलं. थांबतो म्हणाला. ताईची मंडळी खातील म्हणाला.’

उरलेली झोपलेली माती त्यांनी पुन्हा उठवली. निवृत्तीला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत त्यांनी डिग्रीला पदवीत न शिकवलेलं शिकवलं. रोज बरणी तोलायची, वजन जेवढं घटलं तेवढंच पाणी थेंबाथेंबाने द्यायचं.

‘जास्त झालं तर?’

‘गुदमरतील. आणि कमी झालं तर उपाशी बसतील. सुरुवातीला मंडळी नुसतीच ताटाकडे बघत बसतात. विषच ते, पटकन घास कोण घेईल? मग एखाद्याला पचतं. त्याची पिलावळ वाढते, आणि तीच खायला लागते. आपण घाई करून उपयोग नाही.’

नवरा गेल्यावर दोन मुली आपण अशाच वाढवल्या, हे त्यांनी त्याच सुरात सांगितलं आणि पुढची बरणी काट्यावर ठेवली.

मावशी निवृत्त झाल्या. डिग्री रोज बरण्या तोलत राहिला. रविवारीही येतो म्हणून शिपाई त्याला ‘छोटी मावशी’ म्हणू लागला. नव्या बरण्यांच्या तिसाव्या दिवशी आकडे आले. मेलेल्या मातीत विषाचे शंभरातले शंभर भाग शाबूत. जिवंत मातीत एक्याऐंशी उरलेले. मंडळी खात होती, पण फार सावकाश.

अहवाल न्यायला भाऊ आला. मावशींसारखंच रुंद कपाळ, नखांत माती. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

‘म्हणजे नाही.’

‘या हंगामात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू.’

‘मक्याची वेळ तर टळली.’ तो कागदाची घडी घालत राहिला, नको तेवढी बारीक. ‘रिकामं शेत बघवत नाही हो. बरं, एक सांगू? ताईला कुणी बोल लावू नका. बरण्या तिच्याच हातून कुकरमध्ये गेल्या, तिनेच सांगितलं मला. एकतीस वर्षांत एकदा. म्हातारी झाली, हात चुकतो.’

डिग्री भावाला सोडायला फाटकापर्यंत गेला. तिथे त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, ‘सावकाश जा.’

संध्याकाळी त्याने मावशींना फोन लावला.

‘भाऊ आला होता का रे?’

‘आले होते.’

‘काही म्हणाला?’

‘तुम्ही असं का सांगितलंत, मावशी?’

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

‘तुला अजून तीस वर्षं तिथे काढायचीत. बरण्यांना पाणी दिलंस?’

‘दिलं.’

आज त्या गोष्टीला सात महिने झाले. या काळात भाऊ दोनदा नवी माती घेऊन आला, दोन्ही वेळा डिग्रीने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, मातीची पिशवी स्वतः उचलून आत नेली. खरं सांगायचं तेवढं राहिलंय.