स्कूटरवरची लाल पट्टी

आमचे हे हवाई दलात विमानांचे मेकॅनिक होते. उड्डाणाआधी विमानाला लावलेल्या सेफ्टी पिना काढायच्या आणि त्यांच्या लाल पट्ट्या हात उंच करून पायलटला दाखवायच्या, हा तिथला रिवाज. पायलटने अंगठा वर केला की विमान सुटायचं. नोकरी संपली, सवय काही गेली नाही. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत ह्यांच्या स्कूटरच्या हँडललाही तसलीच लाल पट्टी बांधलेली असे. कोथिंबीर आणायला निघाले तरी आधी ती सोडायची, वर धरायची, आणि मी बाल्कनीतून अंगठा वर करेपर्यंत जागचं हलायचं नाही. इकडे माझे हात कणकेत, आणि खाली हे पुतळ्यासारखे उभे! शेजारणी हसायच्या. मी चिडायचे, पण अंगठा वर करायचे.

खाडीपलीकडे विमानतळ होणार म्हणून तर इथे घर घेतलं. "बघशील तू, पहिलं विमान आमचंच उतरणार," हे म्हणायचे. "दोघं स्कूटरवर बघायला जाऊ." धावपट्टीचं काम रेंगाळत राहिलं. ह्यांना मात्र थांबायला सवड नव्हती. गेले.

स्कूटर पार्किंगमध्येच राहिली, पट्टीसकट. सेक्रेटरी अधूनमधून यायचे. "काकी, जागा अडते हो. भंगारवाला घेऊन जाईल, तुमी टेन्शन घेऊ नका."

"पहिलं विमान उतरू दे, मग न्या," मी म्हणायचे. ते इतक्यात काही उतरत नाही, अशी माझी खात्री होती.

आणि उतरलं की! मी गच्चीवरून बघितलं. राखाडी, मोठ्या पोटाचं, हवाई दलाचंच. "बरोबर होतं हो तुमचं," म्हणायला मान वळवली, तर शेजारी पाण्याची टाकी. फार एकटं वाटलं. ह्यांना नेलं त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

शब्द दिला होता, तो पाळायला हवा. दुसऱ्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. "थांबा जरा," म्हणून मी पट्टीची गाठ सोडायला घेतली. कडक झाली होती, शेवटी दातांनी सोडवली. मग तशीच ती वर धरली आणि आमच्या बाल्कनीकडे बघितलं.

"काकी, वरून कोनी यायचंय का?" भंगारवाल्याने विचारलं.

बाल्कनीत माझाच गाऊन वाळत होता. "नाही," म्हटलं. पण हात काही खाली घेववेना.