सहा लाल बादल्या

आमची पोस्टिंग आसाममधल्या एका कॅम्पात होती. मी निर्मळ गावचा, रँक हवालदार. डासांचा बंदोबस्त माझ्याकडे. संध्याकाळी सहाला बाह्या खाली, रात्री मच्छरदाणी. कुणी चुकला तर मी सोलून काढायचो. बॅरॅकच्या दारात आग विझवायच्या सहा लाल बादल्या होत्या. तीन वाळूच्या, तीन पाण्याच्या. इन्स्पेक्शनला त्या काठोकाठ लागत, म्हणून मी दर शनिवारी वरून पाणी ओतायचो. रिकाम्या करून घासल्या मात्र एकदाही नाहीत.

पावसाळ्यात एक जवान रजेवरून ताप घेऊन आला आणि दोन दिवस, भर उजेडात, मच्छरदाणीशिवाय पडून राहिला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, हे लेक्चरमध्ये सांगितलं होतं. मी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. त्या जवानाला चावलेले डास आठ-दहा दिवसांनी इतरांना ताप देऊ लागले.

त्यात लान्स नायक इनास सापडला. माझ्या शेजारच्या राजोडी गावचा, कोळ्याचा मुलगा. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला.

"पोटात दुखते, दादा. सिक रिपोर्टला जाऊ?"

"ताप नाही ना? मग ड्यूटीवर चल."

सकाळी अकराला तो गेटवर कोसळला. मी रेडिओ घेतला.

"अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"रस्ता पाण्याखाली. दोन तास. ओव्हर."

या आजारात ताप उतरतानाच खरा धोका असतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा इनास गेला होता. मी बादल्या उलट्या केल्या. पाण्याबरोबर अळ्या पडल्या. मी बादलीला लाथ घातली. ती मला बसायला हवी होती.

आता रिटायर होऊन गावी आहे. ताप आला की लोक गटाराच्या नावाने खडे फोडतात आणि गच्चीवर उघडं पिंप ठेवतात. माझं डोकं फिरतं.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर इनासच्या कबरीवर गेलो. त्याची आई तिथेच होती. फुलदाणीत अळ्या वळवळत होत्या.

"आई, हे पाणी कधी बदललं?"

"बदलायचं कशाला? दर आयतवारी वरून पानी घालते."

मी भडकलो, पण कोणावर भडकणार? फुलदाणी उपडी केली, घासली, पाणी साठू नये म्हणून जवळच्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूने भरून फुलं खोचली. मग सांगून टाकलं.

"आई, त्याला चावलेले डास माझ्या बादल्यांतले होते. आणि दुखत असताना ड्यूटीवर मीच पाठवला."

तिने अंगठ्याने फुलांभोवतीची वाळू दाबली. मग कबरींच्या रांगेकडे बघून म्हणाली, "बाकीच्यांच्या फुलदान्यांत वालू कोन भरनार?"

"मी."

कबरस्तानातली बादली घेऊन मी किनाऱ्याकडे निघालो.