गैरअर्जदाराची कोरी जागा

अर्जदार: मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय अर्जलेखन, राहणार शास्त्री नगर, जयपूर.
पीडित व्यक्ती: माझी पत्नी.
घटनास्थळ: जयपूरपासून थोड्या अंतरावरचे एक लहान रेल्वे स्टेशन, फलाट जिथे वळतो ती जागा.
दिनांक: थंडीतली, दाट धुक्याची एक सकाळ, नेमकी तारीख संबंधितांच्या दप्तरी नोंदलेली आहे.
साक्षीदार: पहिली साक्षीदार पत्नी. दुसरी, त्याच फलाटावर पेरू विकणारी बाई. दोघीही साक्ष देण्यास तयार आहेत, त्यांना कोणी बोलावत नाही.
गैरअर्जदार: जागा कोरी ठेवली आहे.

ती कोरी का ठेवली, हे सांगण्यासाठीच पुढील मजकूर आहे.

वडील लष्करात होते. त्यांची शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि आम्ही साताऱ्याकडचे लोक इथेच राहिलो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु बनी पार्कच्या कचेरीबाहेर टेबल मांडून मी इतकी वर्षे जे लेखन केले, ते भल्याभल्या पदवीधरांना जमणार नाही. जमिनीचे तंटे, पेन्शन, पाण्याचे नळ, नवऱ्याने टाकलेल्या बायका, सर्वांची दाद मी हिंदीत मागितली. हे मात्र मराठीत लिहीत आहे, कारण पुढे पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ आपल्याला ऐकवावी, अशी पत्नीची अट आहे. यापूर्वी तिने अशी अट कधी घातली नव्हती.

पत्नीची धाकटी बहीण त्या लहान स्टेशनाच्या गावी राहते. पत्नी दर आठवड्याला सकाळच्या पॅसेंजरने तिच्याकडे जाई. फलाट जुना व खाली, डब्याची पायरी वर. उतरताना आधी पिशवी टाकायची, मग एक पाय लोंबकळता सोडायचा, मग देवाचे नाव घ्यायचे, अशी तिथली रीत होती. फलाट वळणावर असल्यामुळे मागच्या डब्यातल्या गार्डला मधले डबे दिसत नाहीत. म्हणून फलाटाच्या दोन्ही टोकांना झेंडी घेऊन एकेक माणूस असावा, अशी योजना होती म्हणतात. माझ्या माहितीच्या काळात तिथे एकच पॉइंट्समन होता. दुसरी जागा रिकामी होती. झेंडी, दिवे, भोंग्यावरची सूचना, रुळावर आलेली गुरे हाकलणे, सगळे त्याच्याकडे.

त्या सकाळी पत्नीने पिशवी टाकली, पाय सोडला आणि गाडी हलली. गार्डला धुक्यात काही दिसले नाही. पॉइंट्समन दुसऱ्या टोकाला होता. पेरूवाली ओरडली तेव्हा तो लाल झेंडी फडकवत, शिव्या देत धावत सुटला आणि गाडी थांबली. पत्नीचा उजवा पाय घोट्यापासून गेला. बाकीची पत्नी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस इस्पितळात आला. चेहरा रापलेला, अंगावर खात्याचा कोट, हातात पत्नीची कापडी पिशवी. पिशवीत तिची एक चप्पल होती. "बहनजी का सामान," म्हणाला आणि दाराशीच उभा राहिला. पत्नीने त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. "ड्यूटी पर कोई नहीं है," म्हणून निघून गेला.

पत्नी घरी आल्यावर मी तक्रार लिहावयास घेतली. त्या दिवसांत रेल्वेची सुरक्षितता सगळ्यांच्या तोंडी होती. जयपूरच्या मोठ्या स्टेशनावर काच, सरकते जिने, नवी इमारत असा खर्च चाललेला सर्वांना दिसत होता, आणि रिकाम्या जागा का भरत नाहीत, असे प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारले जात होते. माझ्या अर्जात दोनच मागण्या होत्या: फलाट उंच करावा, दुसरा माणूस नेमावा. परंतु मला अर्जलेखन शिकवणाऱ्या वृद्ध गृहस्थांचा एक दंडक होता आणि तो मी कधी मोडलेला नाही. अर्जात विरुद्ध बाजूला हाडामांसाचे माणूस असलेच पाहिजे. खात्याविरुद्धचा अर्ज खात्यातच फिरत राहतो. माणसाविरुद्धच्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते. सबब मी गैरअर्जदार म्हणून त्या पॉइंट्समनचे नाव, हुद्दा आणि ठिकाण लिहिले.

पत्नी खाटेवरून म्हणाली, "त्याचं नाव कशाला?"

"नाव नसलेला अर्ज कोणी उघडत नाही."

"अहो, गाडी त्यानंच थांबवली ना?"

"ते लिहिलंय मी. स्पष्ट लिहिलंय. तिसरा परिच्छेद."

"आणि त्याचं नाव कुठंय?"

"वर. पहिल्या ओळीत."

"मग तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कोण येतंय?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

उत्तर लवकर आले. इतक्या लवकर आलेले उत्तर आमच्या रांगेतल्या कोणत्याही टेबलाने पाहिलेले नव्हते. मी ते सर्वांना दाखवले, चहा सांगितला. त्यात असे होते की तक्रारीची गंभीर दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित करण्यात आले आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. फलाटाविषयी एक अक्षर नव्हते. दुसऱ्या माणसाविषयीही नव्हते.

काही दिवसांनी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. या खेपेस कोट नव्हता.

"आपकी लिखावट बहुत सुंदर है बाबूजी. साहब ने पढ़के सुनाया मेरे को."

मी त्याला स्टूल दिले. तो या वेळी बसला.

"तीसरा पैरा सुनाया?" मी विचारले.

"नहीं. पहले में ही काम हो गया."

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक हसला. पॉइंट्समन हसला नाही. चौकशी बसणार आहे, नोकरी जाईल असे सगळे म्हणतात, एवढे सांगून तो उठला. पाणी विचारले तर नको म्हणाला. जाताना म्हणाला, "अब वहाँ कोई नहीं है बाबूजी. आप देख आना."

मी बघायला गेलो नाही. बघण्याची गरजही उरली नाही. पाऊस संपता संपता पत्नीच्या बहिणीचा फोन आला. त्याच वळणावर एक म्हातारे गृहस्थ उतरताना घसरले. पेरूवाली याही वेळी ओरडली. झेंडी दाखवायला फलाटावर कोणी नव्हते. गाडी पूर्ण निघून गेली, मग लोक खाली रुळांवर उतरले.

पत्नीने फोन ठेवला. कुबडी घेऊन माझ्या बैठकीपर्यंत आली आणि कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला.

"मला राखायला एक तरी माणूस होता. तुम्ही तोही उठवला," ती म्हणाली. "आता त्याला परत आणायचं लिहा."

दंडक चुकीचा नव्हता, असे माझे आजही मत आहे. त्याच रीतीने मी कित्येकांना न्याय मिळवून दिला. परंतु दोन माणसांच्या जागी एकच माणूस ठेवणारे जे कोणी आहेत, त्यांच्या हातात मी तो एकच माणूस दिला आणि त्यांनी तो आनंदाने घेतला, हेही खरे आहे. पत्नी म्हणते, "आनंदाने" हा शब्द राहू द्या.

तक्रार मागे घेण्यासाठी मी रेल्वेच्या कार्यालयात गेलो. खिडकीतला बाबू मला ओळखत होता.

"आइए वकील साहब. आप ही की शिकायत पर कार्रवाई हुई है. अब कहोगे झूठी थी? झूठी शिकायत का भी कानून है."

"झूठी नहीं, अधूरी पढ़ी गई है," मी म्हणालो.

"तो पूरी पढ़वाने की अर्ज़ी लगा दो." त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

पत्नीही आली होती. तिने कुबडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि आपल्या तोडक्या हिंदीत म्हणाली, "भैया, पैर मेरा गया है. मेरे को पूछो ना, किसने गाड़ी रोकी." बाबूने कुबडीकडे पाहिले. पीडितेची साक्ष चौकशीला लागत नाही, असे म्हणाला, पण जरा हळू आवाजात.

चौकशी अद्याप चालू आहे. त्या माणसाची नोकरी तिच्यावर लोंबकळत आहे आणि फलाट होता तसाच आहे.

सबब विनंती अशी की, माझ्या पूर्वीच्या अर्जातील गैरअर्जदाराचे नाव वगळण्यात यावे. चौकशीत माझ्या पत्नीस व पेरूवालीस बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवावे. गाडी थांबवणाऱ्या माणसास त्याच्या जागेवर परत पाठवावे आणि त्याच्या जोडीला दुसरा माणूस द्यावा. त्या धुक्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाला कोणी उभे असायला हवे होते आणि ती जागा रिकामी ठेवण्याचे कोणी ठरवले, हेही लेखी कळवावे. वरची कोरी जागा त्या उत्तरासाठी आहे. ती मी भरणार नाही. उत्तर हिंदीत आले तरी चालेल. पत्नीला मी ते वाचून दाखवीन, शेवटच्या परिच्छेदापर्यंत.