गच्चीवरचे पापड

कुंभिवलीत बातमी पसरली ती अशी: योगेंद्रने कंपनीच्या गच्चीवर पापड वाळत घातले, साहेबांनी पाहिले आणि त्याला घरी बसवला. बातमी आणली गेटवरच्या नागूने, त्यामुळे दुपारपर्यंत पापड उडदाचे झाले आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी कुरडयाही आल्या. खरं एवढंच की गच्चीवर तळहाताएवढं गोल, पांढरं काहीतरी वाळत होतं आणि ते योगेंद्रने घातलं होतं. पापड नव्हते, आणि त्याला घरीही कुणी बसवला नव्हता.

योगेंद्र कापड रंगवणाऱ्या कंपनीत सांडपाण्याच्या टाक्या बघतो. माणूस सरळ, पण टापटिपीचा भारी सोस. पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी धरते अशा गावात वाढलेला. आई सोनुबाईने एकच शिकवलेलं, ओलं ते आधी उन्हात, मग डब्यात. बायको प्राची म्हणते, "मी जरा नाहून आले तरी हे मला वाळत घालायला दोरी शोधल्यासारखं बघतात."

त्याची दुखरी जागा वेगळी. कंपनीचं पाणी टाक्यांतून निघूनही रंग घेऊनच नाल्यात उतरायचं, आणि नाल्याच्या काठी ह्याचंच शेत. भात निघालं की तिथे वाल होतो. थंडीत पोपटी लागते, मडक्यात पाला घालून शेंगा जाळात भाजायच्या. सगळ्यांच्या शेंगा मडक्यात जायच्या, ह्याच्या नाहीत. शेजारचा गजा तोंडावर सांगायचा, "तुझ्या नको रं. उद्या आमचे दात निळे व्हायचे." सोनुबाई तरी दर वर्षी पाटी पाठवायची, आणि पाटी भरलेलीच परत यायची.

मग कंपनीत मिस्बाह मॅडम आल्या, खोपोलीच्या. त्यांनी पाणी गाळायचे नवे पडदे आणायचे ठरवले. खाली कापडासारखा जाड थर, वर सायीसारखी पातळ कातडी, आणि त्या सायीत मातीची बारीक भुकटी मिसळलेली. पाणी पार होतं, रंग वर अडकतो. मोठे पडदे घेण्याआधी त्याच पडद्यांच्या छोट्या चकत्या यंत्रात लावून बघायच्या होत्या. लावल्या, तर निळ्या पाण्यातून नितळ पाणी निघालं. योगेंद्र ग्लास उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "योगेंद्रदादा, चकत्या धुऊन नीट ठेवा." त्याने धुतल्या, आणि आपल्या समजुतीप्रमाणे नीट ठेवल्या. गच्चीवर जुना पंचा अंथरून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खडे.

सुट्टीनंतर यंत्रातून थेंब निघेना. मॅडमनी चकती काढून पाहिली.

"कडा बघा कशा वळल्यात. आपलं पाणी ह्यांना झेपत नाही. मोठे पडदे नकोत म्हणून कळवते."

त्या कडा योगेंद्रच्या चांगल्याच ओळखीच्या होत्या. गच्चीवरून उचलतानाच वळलेल्या होत्या. गप्प बसला असता तर नोकरीला धक्का नव्हता, पण नाला निळाच राहिला असता.

"मॅडम, पाण्याचा दोष नाय. मी त्या उन्हात वाळवल्या."

मॅडम खुर्चीत बसल्या. "दादा, ह्या एकदा भिजल्या की पाण्यातच ठेवायच्या असतात. वाळल्या की सायीची भोकं मिटतात."

"तुमी नीट ठेवा म्हणालात. आमच्यात नीट म्हंजे वाळवून."

"माझी अम्मीही तेच म्हणते," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात ठेवा हे मीच सांगायला हवं होतं."

साहेबांनी योगेंद्रला झापायचं तेवढं झापलं, पण नकार कळवायचा राहिला. नव्या चकत्या आल्या. त्या त्याने झाकणाच्या बादलीत बुडवून ठेवल्या. ओली वस्तू झाकून ठेवताना त्याच्या जिवावर यायचं, पण ठेवल्या. चकत्यांनी काम केलं आणि पावसाळ्याआधी मोठे पडदे बसले.

या थंडीत नाल्याला रंग नव्हता. मॅडमनी पाणी तपासलं, शेंगाही तपासून घेतल्या. पोपटी लागली. सोनुबाईने सवयीने पाटी पाठवली, ती रिकामी परत आली. मडकं फोडल्यावर गजाने मूठभर शेंगा ओढल्या, एक तोंडात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "योगेंद्र, यंदा गच्चीवर पोह्याचे घालतोस का रं पापड?"

योगेंद्र म्हणाला, "घालीन की. आधी तोंडातली शेंग बाहेर काढ. माझ्या शेतातली हाय."