लॉन्ड्रीवाल्याची थोरली

लॉन्ड्रीवाल्याची थोरली दिसायला देखणी, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. बापाच्या दुकानात ती काउंटरवर बसे, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना नंबराच्या चिंध्या लावी आणि कुणाच्या शर्टाचं कापड भारी आहे हे हात लावताच ओळखी. मागच्या खोलीत वाफेच्या ढगात इस्त्रीवाला उभा असे. अबोल, काटकुळा, मनगटांवर भाजल्याचे डाग. त्याच्यावर तिचा जीव जडला होता. दुपारी दुकान सुस्तावलं की ती आत जाई, टेबलाला टेकून बडबड करी आणि तो हात न थांबवता हसे. तेवढं हसू तिला दिवसभर पुरे.

मग गावातल्या वकिलांकडून त्यांच्या मुलासाठी मागणी आली. बडं घर, दारात मोटार. आईचे पाय जमिनीला लागेनात. थोरलीचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. सकाळी वाटे, त्याच्याबरोबर निघून जावं. संध्याकाळी आईचे साबणानं सोललेले हात दिसले की अंगावर काटा येई. उभा जन्म हाच का?

आईनं शेवटी आडून आडून विचारलंच, मागच्या खोलीतल्याशी तुझं काही आहे का? वकिलांच्या कानावर गेलं तर सगळं मोडेल.

"तोच माझ्या मागे लागलाय," थोरली म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. मागे घेता आलं असतं, तिनं घेतलं नाही. बापानं इस्त्रीवाल्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत मारून हाकललं. जाताना त्यानं एकदा काउंटरकडे पाहिलं. ती खाली मान घालून चिंध्या लावत राहिली.

लग्न झालं. सासूबाई चारचौघींत सांगत, सुनेच्या माहेरी कापडाचा व्यवसाय आहे. कुणी हसू दाबलं की थोरलीचे कान तापत. नवरा वाईट नव्हता. ती समोर आहे हे त्याच्या फारसं लक्षातच येत नसे. ती हळू बोलायला शिकली. माहेरी जाणं कमी कमी करत बंदच केलं.

इकडे दुकानाची रया गेली. बाप स्वतः इस्त्रीला उभा राहू लागला, पण कपडे करपत. एकदा लेकीची फार आठवण आली म्हणून तो न कळवताच तिच्या दारात गेला. दिवाणखान्यात बायका जमल्या होत्या. एकीनं विचारलं, हे कोण?

थोरलीनं सासूकडे पाहिलं, मग बापाच्या झिजलेल्या चपलांकडे.

"लॉन्ड्रीवाला आहे. कपडे न्यायला आलाय."

 म्हातारा "हो, बाईसाहेब" म्हणाला, सासूबाईंनी आणवलेलं गाठोडं उचललं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं इस्त्रीवाल्याला हुडकून काढलं. तो एका हॉटेलात चादरी धूत होता. म्हाताऱ्यानं त्याचे ओले हात धरले. "माझी पोर खोटं बोलू शकते, हे मला काल कळलं. दुकानात परत ये."

तो आला. त्याच हिवाळ्यात बाप गेला.

थोरली मोटारीतून आली. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या खोलीत इस्त्रीवाला काम करत होता. लोकांचे कपडे अडले होते. ती दारात थांबली. बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का, असं तिनं विचारलं.

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"बोलले. वकिलांकडचे कपडे वेळेवर पोचवत जा म्हणाले."

आणि त्यानं पुढचा शर्ट ओढला. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.