गुरुवारचं रीडिंग

डॉक्टरांनी माझ्या उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवायला घेतला आणि त्यांनी सांगण्याआधीच मी उजवा हात डोक्याखाली घेतला. त्या हसल्या. "आधी केलीय वाटतं ही टेस्ट?" मी म्हटलं, "हो, पुष्कळदा." त्यांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात केली असेल. कातडीवर टकटक होत राहिली. मग पडद्यावर आकडा आला आणि त्यांचं हसू गेलं. चौतीस.

चांगल्या लिव्हरचा पाच-सहा येतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण असलंच मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते.

या टेस्टला इलास्टोग्राफी म्हणतात. प्रोब, म्हणजे मशीनची हातात धरायची कांडी, बरगड्यांमध्ये हलकीशी टिचकी मारतो आणि तिची लाट आत लिव्हरमधून जाते. लिव्हर मऊ असेल तर लाट रमतगमत जाते, कडक असेल तर पळत सुटते. त्या वेगावरून आकडा निघतो. सुई नाही, कळ नाही, चहा उकळेपर्यंत उरकतं. तुम्हाला कधी करायला सांगितली तर उपाशीपोटी जा आणि निवांत पडून राहा. भीती वाटायची ती आकडा आल्यावर वाटू दे.

"सिरोसिस," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे लिव्हर आतून व्रणांनी भरून गेलेलं, आक्रसलेलं. मी पायांवरची सूज आणि अंगाची खाज दाखवायला निगडीच्या हॉस्पिटलात आले होते. थकवा होता, पण पंचेचाळिशीच्या बाईला थकवा असतो हे आपण सगळे धरूनच चालतो. "ड्रिंक्स घेता का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुढचे काही आठवडे मला जो भेटला त्याने हेच विचारलं.

रक्ताच्या तपासण्यांतून कारण निघालं, ऑटोइम्यून हिपॅटायटिस. शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. का उलटते ते सांगता येत नाही. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "घरात कुनी थेंबाला शिवत न्हाई, आन् हिचं लिवर कसं गेलं?" आमच्या कुरुळी गावातल्या बायका माझ्या नवऱ्याकडे, दत्ताकडे, अशा बघायला लागल्या की जणू माझ्या वाटणीची तोच पीत होता. चाकणच्या कंपनीत वीस वर्षं शिफ्ट करत आलेला माणूस, सुपारीसुद्धा खात नाही. त्या दिवसांत आम्हाला हसू आलं ते एवढ्याच गोष्टीचं.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची कंपनी म्हणजे भोसरी एमआयडीसीत एका शेडचा माळा. तन्वीर हा इंजिनिअर, दापोडीचा, त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे. कमी खर्चात, तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवता येईल असं लिव्हर तपासायचं मशीन काढायचं हे त्याचं वेड. माझं काम खोटं लिव्हर बनवायचं. जिलेटिन आणि अगर, म्हणजे चायना ग्रास, शिजवून डब्यांत ओतायचं आणि थिजवायचं, काही मऊ, काही कडक, म्हणजे मशीनला फरक शिकवता येतो. मऊ डबा इतका खरवसासारखा दिसायचा की वॉचमनकाकांनी एकदा त्यात चमचा घातला होता.

डबे झाले की माणसं लागतात. धडधाकट माणसं कुठून आणणार, म्हणून आम्हीच. टेबलावर पडायचं, उजवा हात डोक्याखाली. तन्वीरचा आकडा पाच, बाकीच्यांचे त्याच्या आसपास. माझा आला एकवीस.

"ताई, मिसळ खाऊन आलात का?" तन्वीरने विचारलं. खाल्लं की आकडा थोडा चढतो. दुसऱ्या दिवशी उपाशी आले, तरी तेच. प्रोब बदलला, तरी तेच. मग तन्वीरने बोट जमिनीकडे केलं. आमच्या खाली पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढणारा पॉवर प्रेस चालतो. दिवसभर अख्खा माळा धडधडत असतो, टेबलावरचा पेन घरंगळतो. "तुम्ही बारीक आहात ना, तुमच्या अंगात प्रेस जास्त उतरतोय. मशीन त्याचीच धडधड मोजतंय." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. इथं राहणाऱ्या कुणालाही पटलं असतं, इथं कुठलीही गोष्ट हलली की ती प्रेसनेच हललेली असते.

टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. फरक पडेना. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा प्रेस बंद असतो. "एखाद्या गुरुवारी येऊन बघू," असं ठरलं. पण गुरुवारी आम्हालाही सुट्टी. माझी आठवड्याची धुणीभांडी, दळण, दत्ता घरी. तो गुरुवार काही उजाडला नाही. शेवटी तन्वीरने प्रोग्रॅममध्येच दुरुस्ती घातली, बारीक माणसाचा आकडा फार चढला तर प्रेसची धडधड म्हणून तेवढा भाग वजा करणारी. ती जमेपर्यंत मलाच टेबलावर झोपवायचा. ज्या दिवशी माझा आकडा सहा आला त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दापोडीहून समोसे आले. मी दोन खाल्ले.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं होतं. निगडीच्या त्या टेबलावर चौतीस आकडा बघताना मला सगळ्यात आधी ते समोसे आठवले.

सीटी स्कॅन झाला. वेटिंग रूममध्ये दत्ता माझी चप्पल स्वतःच्या पायाजवळ नीट लावून बसला होता. त्याने मनात सगळं ठरवलं होतं. डॉक्टर बोलायच्या आतच तो म्हणाला, "माझं अर्धं काढा म्याडम. लिवर परत वाढतं म्हनत्यात. एकात आमी दोघं भागवू."

डॉक्टरांनी सीटीचा फोटो आमच्याकडे वळवला. मग सांगितलं. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे आणि ती पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली आहे. आता नवं लिव्हर बसवलं तरी आजार त्यात जाईल. म्हणून ट्रान्सप्लांट करता येणार नाही.

"आधी आलो असतो तर?" दत्ताने विचारलं.

"वर्ष-दीड वर्ष आधी कळलं असतं तर औषधं सुरू केली असती. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली असती, गाठ लहान असतानाच सापडली असती. पण कळणार कसं? यांना काही त्रासच नव्हता."

दत्ताने मान डोलावली. मी छताकडे बघत राहिले. त्या दिवशी मी त्याला काही सांगितलं नाही.

नंतरचं सगळं उताराचं. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबराच्या बारीक कड्या बसवल्या. कडी नळीच्या टोकावरून सुटते कशी, हे मी डॉक्टरांना विचारत बसले, तर नर्स म्हणाली, "काकू, तोंड उघडं ठेवा." मग असायटिस झालं, पोटात पाणी साठायला लागलं. ते सुईने काढतात. दोन आठवडे बरं वाटतं, मग परत पोट तट्ट. भेटायला येणारे पपईचा पाला आणि भुईआवळा सांगून जातात. मी हो म्हणते. वाद घालायला लागणारी ताकद मी जिना चढायला राखून ठेवते.

तन्वीर हॉस्पिटलात भेटायला आला तेव्हा दत्ता औषधं आणायला खाली गेला होता. तन्वीर स्टुलावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांत धरून.

"ताई, प्रोब बरोबर होता."

"माहीत आहे."

"मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी ते बिघडवलं." तो स्टुलावरून उठायला लागला. "मी बंद करतोय हे सगळं. अब्बांच्या गॅरेजला जाऊन बसतो."

मला त्याचा राग आला. इतके दिवस आला नव्हता तेवढा आला. मी म्हटलं, "बंद केलंस तर मी फुकट मरणार. ती दुरुस्ती अजून आत आहे ना?" त्याने होकारार्थी मान डोलावली. म्हणजे माझ्यासारखी दुसरी कुणी बाई त्या टेबलावर झोपली असती तर तिलाही सहा आकडा सांगून घरी पाठवलं असतं. "काढून टाक ती. आणि गुरुवारी माझं रीडिंग घे. जसं येईल तसं."

दत्ताला मी त्या संध्याकाळी सांगितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुवारी मीच नेतो तुला." एवढंच.

पोटात पाणी असलं की लाट आत पोचत नाही, म्हणून पाणी काढल्यानंतरचा लगेचचा गुरुवार धरला. माळ्याचा जिना दत्ताने मला जवळजवळ उचलूनच चढवला. खाली प्रेस बंद होता. इतक्या वर्षांत ती जागा मी गप्प कधी ऐकली नव्हती. टेबलावरचा पेन जिथल्या तिथे होता.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला असा आकडा आला, आणि तो न पटणारा असला, तर एक सांगते. मशीन चुकलं असेल, लॅब चुकली असेल, खरंच असेल. पण पुन्हा करा, दुसरीकडे करा, आणि तुमचा तो गुरुवार उजाडू द्या. माझ्या बाबतीत आता त्याचा उपयोग नाही. मी बरी होणार नाही, हे मला आणि दत्ताला नीट समजलं आहे. आभार कुणाचे मानायचे असं विचाराल तर मी त्या प्रोबचे मानेन. सगळ्या माळ्यावर तो एकटा खरं बोलत होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं.

आधी तन्वीरने स्वतःचं घेतलं. पाच. मग मी टेबलावर पडले, उजवा हात डोक्याखाली घेतला. तन्वीरने प्रोब टेकवला. टकटक झाली. दत्ता पायाशी उभा होता, माझी चप्पल हातात घेऊन.

आकडा आला. चौतिसाच्याही पुढचा.

तन्वीरचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत राहिलो, आणि या वेळी कुणीही मशीनला हात लावला नाही.